पिकतं तिथं विकत नाही? लोकल प्लेयर ड्राफ्टमध्ये सुटला की ओरडण्याआधी या चुका टाळा

एप्रिल आला की पिट्सबर्गमध्ये हे रडगाणं ठरलेलं, की गावच्या प्रो फुटबॉल टीमला, स्टीलर्सना, पिटचा पोरगा दिसतच नाही, डोळ्यासमोर खेळत होता राव आणि घेतला कुठून तर टेक्सासवरून. डोळ्यासमोर म्हणजे अगदी शब्दशः, कारण पिट युनिव्हर्सिटीची टीम आणि स्टीलर्स यांचं स्टेडियम एकच आहे आणि साउथ साइडला प्रॅक्टिसची जागा पण एकच, मधे फक्त भिंती. आता राग येणं साहजिक आहे, पण यातला अर्धा राग चुकीच्या ठिकाणी निघतो आणि खरी चूक तशीच राहून जाते.

ज्यांना अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. कॉलेजचे प्लेयर्स प्रो लीगमध्ये (एनएफएल) घ्यायची ही पद्धत, पण आयपीएलसारखी बोली नसते, पैसे जास्त आहेत म्हणून कोणी पोरगा उचलू शकत नाही. ३२ टीम्स, ७ राउंड, मागच्या सीझनला जी सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला. आपला नंबर येईपर्यंत गप बसायचं, नाहीतर दुसऱ्या टीमला काहीतरी देऊन तिचा नंबर घ्यायचा.

नंबर न बघताच "सोडला" म्हणणं

ही सगळ्यात कॉमन चूक आणि सगळ्यात सोपी. अॅरन डोनाल्ड पिटचा, पिट्सबर्गचाच, पुढे लीगमधल्या सर्वकालीन भारी डिफेन्सिव्ह प्लेयर्सपैकी एक झाला, मग २०१४ ला स्टीलर्सनी का नाही घेतला? कारण तो १३ व्या नंबरवर रॅम्सकडे गेला आणि स्टीलर्सचा नंबर होता १५. डॅरेल रिव्हिसचं त्याहून वाईट. अलिक्विपाचा पोरगा, कॉलेज पिट, २००७ ला जेट्सनी वर सरकून त्याला १४ व्या नंबरवर उचललं, स्टीलर्स १५ व्या नंबरवर हात चोळत बसले. याला दुर्लक्ष म्हणत नाहीत, याला नशीब म्हणतात. फार तर "वर का नाही सरकलात" एवढं विचारू शकता, आणि तो प्रश्न चांगला आहे, पण तो वेगळा प्रश्न आहे. आधी नंबर चेक करा, मग शिव्या घाला.

गावातल्या गप्पांना स्काउटिंग समजणं

इथे मात्र खरी चूक झाली आणि ती टीमकडूनच झाली. १९८३. डॅन मरीनो, पिटचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून अटॅक चालवणारा प्लेयर. पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात वाढलेला, घरापासून पिटचं कॅम्पस चालत जाता येईल इतकं जवळ, शाळा सेंट्रल कॅथलिक, ती पण तिथेच. १९८१ च्या सीझनला ३७ टचडाउन पास (थेट पॉइंट मिळवून देणारे) टाकले, आणि १ जानेवारी १९८२ ला शुगर बोल या कॉलेजच्या मोठ्या मॅचमध्ये ३५ सेकंद उरलेले असताना जॉर्जियाविरुद्ध मॅच काढून दिली. मग कोच बदलला, पुढचा सीझन घसरला, १७ टचडाउन आणि २३ इंटरसेप्शन, म्हणजे दुसऱ्या टीमच्या हातात दिलेले बॉल जास्त. आणि त्यात भर म्हणून गावभर कुजबुज सुरू झाली, पोरगा नशा करतो वगैरे. सिद्ध कधीच काही झालं नाही.

आता बघा गंमत. त्या ड्राफ्टला पहिल्या राउंडमध्ये सहा क्वार्टरबॅक गेले, एल्वे, ब्लॅकलेज, केली, ईसन, ओब्रायन आणि सगळ्यात शेवटी २७ व्या नंबरवर मायामीकडे मरीनो. स्टीलर्सचा नंबर होता २१. म्हणजे पोरगा समोर शिल्लक होता, आणि त्यांनी घेतला टेक्सास टेकचा डिफेन्सिव्ह लाइनमन गेब रिव्हेरा. कुजबुज लीगभर पोचली होती हे मान्य, बाकीच्या टीम्सनी पण सोडलाच की त्याला. पण डेन्व्हर किंवा कॅन्सस सिटीच्या माणसाकडे अफवा खरी की खोटी तपासायला काय साधन होतं? स्टीलर्सकडे होतं. त्याचे कोच, शाळेतले लोक, शेजारी, सगळे काही मैलांच्या आत. जवळ असण्याचा फायदा हाच असतो की अफवा खोडून काढता येते, नाहीतर खरी ठरवता येते. तो फायदा वापरलाच नाही तर जवळ असणं उलट तोट्याचं, कारण मग लांबच्या टीमपेक्षा तुमच्या कानावर जास्त कचरा येतो एवढंच.

आणि हे आजही लागू आहे बरं का, किंबहुना आता तर नियमच लोकलच्या बाजूने आहे. ड्राफ्टआधी टीमला ३० कॉलेज प्लेयर्सना आपल्याकडे बोलवून भेटता येतं, डॉक्टर, कोच, इंटरव्ह्यू सगळं. आसपासच्या भागातले पोरं या ३० मध्ये धरतच नाहीत! म्हणजे लोकल पोराला भेटणं जवळपास फुकट. त्यामुळे एखादा लोकल प्लेयर सुटला की विचारायचा प्रश्न हा, की त्याला बोलवलं होतं का, त्याच्या कॉलेजमधला प्रो डे, म्हणजे ड्राफ्टआधीची ट्रायल, बघायला कोण गेलं होतं. बोलवून, तपासून सोडला असेल तर तो निर्णय आहे, पटो न पटो. बोलवलाच नसेल तर मग खुशाल बोंबला.

"आपल्याकडे आहे की एक" या भरवशावर राहणं

हे पण १९८३ चंच. स्टीलर्सकडे टेरी ब्रॅडशॉ होता, चार सुपर बोल (लीगची फायनल) जिंकून दिलेला, त्यामुळे कोच चक नोलला क्वार्टरबॅकची घाई नव्हती, त्याला डिफेन्स पुन्हा उभा करायचा होता. विचार म्हणून चुकीचा नव्हता, कारण ७० च्या दशकातली ती टीम डिफेन्सवरच उभी होती. पण ब्रॅडशॉचं वय ३४ आणि कोपराचं ऑपरेशन ड्राफ्टच्या महिनाभर आधीच झालेलं. तो त्या सीझनला एकच मॅच खेळला आणि मग संपलं. रिव्हेराचं तर फारच वाईट झालं, सहा मॅच खेळून ऑक्टोबरमध्ये गाडीचा अपघात, कमरेखाली कायमचा लुळा. त्याचा दोष सिलेक्शनवर टाकणारे लोक असतात, ते करू नका, अपघात कोणाच्या स्काउटिंग रिपोर्टमध्ये नसतो. पण ऑपरेशन झालेलं कोपर मात्र सगळ्यांना दिसत होतं.

पुढच्याच वर्षी मरीनोने ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन मारले, आणि जानेवारी १९८५ ला कॉन्फरन्स फायनलमध्ये (सुपर बोलच्या आधीची मॅच) समोर कोण, तर स्टीलर्स. ४५-२८. त्यात ४२१ यार्ड एकट्या मरीनोचे. स्टीलर्सना पुढचा खरा क्वार्टरबॅक मिळायला २००४ उजाडलं, बेन रॉथलिसबर्गर, आणि मालक डॅन रूनींनी नंतर स्वतः लिहिलंय की त्या दिवशी त्यांच्या डोक्यात मरीनोच होता, पुन्हा तशी चूक नको म्हणून त्यांनी चर्चा बेनकडे वळवली. एकवीस वर्षं डोक्यात राहिला माणूस. (मरीनोला सुपर बोल कधीच जिंकता आला नाही हेही खरंय, ते सोयीस्करपणे विसरू नका.)

कोचचं लेबल पोराला चिकटवणं

सॅन फ्रान्सिस्को, २००५. फॉर्टी नायनर्सकडे पहिला नंबर, म्हणजे अख्ख्या देशातला कोणीही घ्या. खाडीपलीकडे बर्कलीला अॅरन रॉजर्स, लहानपणापासून याच टीमचा फॅन. पण बर्कलीचा कोच जेफ टेडफर्ड, आणि त्याच्या हाताखालून आलेले अकिली स्मिथ, जोई हॅरिंग्टन, काइल बोलर हे लीगमध्ये काही चालले नव्हते, म्हणून "टेडफर्डचे क्वार्टरबॅक असेच" हा शिक्का रॉजर्सवर बसला. फॉर्टी नायनर्सनी युटाचा क्वार्टरबॅक अॅलेक्स स्मिथ घेतला. रॉजर्स टीव्ही कॅमेऱ्यांसमोर तासन्‌तास बसून राहिला आणि २४ व्या नंबरवर ग्रीन बेला गेला. चार वेळा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम प्लेयर), एक सुपर बोल, तो पण स्टीलर्सना हरवून, आणि २०२५ ला म्हातारपणी स्टीलर्सकडेच खेळायला आला, असो. पण उरलेली अर्धी गोष्ट पण सांगा ना लोकहो, प्लेऑफमध्ये फॉर्टी नायनर्सनी रॉजर्सला चार वेळा हरवलंय, चारपैकी चार.

टॉम ब्रॅडीला या यादीत घुसवू नका प्लीज. तो सॅन मटेओचा असला तरी कॉलेज मिशिगन, आणि १९९ व्या नंबरपर्यंत सगळ्याच टीम्सनी सोडला त्याला. घर लोकल आणि कॉलेज लोकल यात फरक आहे, कारण टीमला रोजचं बघायला मिळतं ते कॉलेजमध्ये.

मागची चूक भरून काढायला लोकल घेणं

आता उलटी बाजू. २०२२ ला स्टीलर्सनी २० व्या नंबरवर पिटचा केनी पिकेट घेतला. लोक खूश, मरीनोचं पाप फिटलं वगैरे. खरं तर पिकेट न्यू जर्सीचा, पण चार-पाच वर्षं शेजारच्याच लॉकर रूममध्ये होता, त्यामुळे याच्याबद्दल माहिती नव्हती असं म्हणायची सोयच नाही. हाताचं माप साडेआठ इंच, क्वार्टरबॅकसाठी बारीकच, तेही सगळ्यांना माहीत. दोन सीझन, १३ टचडाउन, १३ इंटरसेप्शन, मार्च २०२४ ला फिलाडेल्फियाला देऊन टाकला. एवढं जवळून बघून पण चुकता येतं, कारण त्या वर्षी क्वार्टरबॅकच कच्चे होते, पहिल्या राउंडला हा एकटाच गेला. गरज आहे म्हणून घेतला, ओळखीचा आहे म्हणून मन घट्ट झालं, असं मला तरी वाटतं.

याच्या शेजारी जेम्स कॉनरला ठेवून बघा. इरीचा, पिटचा, कॉलेजमध्ये असताना कॅन्सर झाला, बरा होऊन परत खेळला. अशा पोराला घ्यायला लांबच्या टीम्स बिचकतात, तब्येतीचं काय म्हणून. स्टीलर्सनी तो ट्रीटमेंटनंतर परत पळताना त्याच बिल्डिंगमध्ये पाहिला होता. २०१७ ला तिसऱ्या राउंडमध्ये, १०५ व्या नंबरवर घेतला, आणि २०१८ ला तो प्रो बोलला, म्हणजे लीगच्या ऑल-स्टार मॅचला, निवडला गेला.