जुन्या एमजीबीच्या डॅशबोर्डवरील मीटर काढताना आणि उजळताना

एमजीबीसारख्या १९६०च्या दशकातील ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे मीटर काढण्यापूर्वी बॅटरीची अर्थिंगची तार सोडवावी. १९६७पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक तारेवर चिकटपट्टी लावून तिचे नाव लिहावे आणि मगच मागचे दातेरी नट फिरवावेत. यांत्रिक तापमान-मीटरची केसासारखी बारीक नळी मात्र कापू अथवा मुरडू नये, कारण आतील ईथर उडून गेले की तो मीटर निकामी होतो; तो इंजिनात बसवलेल्या टोकासह अख्खाच बाहेर काढावा.

काचेभोवतीची कडी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. तिच्या आतल्या जिभल्या डब्याच्या खाचांसमोर येईपर्यंत ती हलकेच फिरवली की अलगद सुटते. पुण्याच्या पावसाळ्यात गंजलेल्या कडीला आदल्या रात्री थेंबभर गंजनाशक तेल लावून ठेवावे. तबकडी केवळ कोरड्या मऊ कुंचल्याने झाडावी. मी एकदा स्पिरिटचा बोळा फिरवला आणि ‘७०’मधले शून्य कापसावर आले. कडी पॉलिश पेपरने घासून, प्राइमर देऊन अर्धचकाकीचा काळा रंग पातळ थरांत फवारावा, आणि कडीखालचे कडक झालेले रबर बदलावे.

नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात दुसरा स्पीडोमीटर मिळालाच, तर तबकडीवरील दर मैलाला होणाऱ्या केबलच्या फेऱ्यांचा आकडा मूळ मीटरशी जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. अन्यथा वेग चुकीचा दिसेल.