इंजिन बंद पडण्याचा धोका: तासांचा हिशेब कसा मांडायचा

समजा, सिंगल इंजिन विमानाचं इंजिन सरासरी ५०,००० तासांत एकदा बंद पडतं. आकडा हिशेबापुरता घेतलाय. यावरून '५०,००० तास उडवलं की एकदा बंद पडणारच' असं म्हणतात, ते चूक.

हिशेब उलटा मांडा. एका तासात इंजिन बंद न पडण्याची शक्यता ०.९९९९८. कॅल्क्युलेटरवर तिचा जितके तास तितका घात करा आणि उत्तर १ मधून वजा करा: ही तेवढ्या तासांत इंजिन एकदा तरी बंद पडण्याची शक्यता. बारामतीत कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास भरणाऱ्याला ०.४ टक्के. १०,००० तासांना १८ टक्के, २० नव्हे. ५०,००० तासांनाही ६३ टक्केच. तास थोडे असतील तर तासांना ५०,००० ने सरळ भागलं तरी पुरतं.

आधीचे ९०० तास निर्विघ्न गेले म्हणून पुढचा तास जास्त धोक्याचा होत नाही, आणि कमीही नाही. अपवाद इंजिनाच्या वयाचा: ओव्हरहॉलनंतरचे (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त केल्यानंतरचे) सुरुवातीचे तास आणि झिजलेलं इंजिन, दोन्हीकडे दर चढा धरा.

खरी गोम पुढेच आहे. दौंडच्या बाजूला सपाट शेतं आहेत. सेसना १७२ हे छोटं विमान इंजिन बंद असताना आणि वारा नसताना उंचीच्या साधारण नऊपट तरंगतं, म्हणजे १,००० मीटरवरून ९ किलोमीटर. ताम्हिणीच्या दऱ्यांवर मात्र उतरणार कुठे? म्हणून उतरायला जागा नसलेली मिनिटंच मोजा. फेरीला १० मिनिटं, अशा ३०० फेऱ्या म्हणजे ५० तास, धोका ०.१ टक्का. जास्त उंचीवरून गेलात आणि ती मिनिटं ४ वर आली, तर ०.०४ टक्के. टेक-ऑफनंतरचं पहिलं मिनिट वेगळं मोजा. इंजिन पूर्ण ताकदीवर असताना सरासरी दर लावणं ही स्वतःचीच फसवणूक.

दोन इंजिनं घेतली की एखादं बंद पडण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. दोन तासांच्या उड्डाणात दोन्ही बंद पडण्याची शक्यता कागदावर ६२.५ कोटींत एक, पण दोन्हींची कारणं वेगळी असतील तरच. ५ मे १९८३ला ईस्टर्न एअरलाइन्सच्या ट्रायस्टार विमानाची तिन्ही इंजिनं एकाच उड्डाणात बंद झाली, कारण तिन्हींच्या चिप डिटेक्टरवर (तेलातले धातूचे कण पकडणाऱ्या भागावर) ओ-रिंग, म्हणजे तेल गळू न देणाऱ्या रबरी कड्या, बसवायच्या राहिल्या होत्या. एक कसंबसं पुन्हा सुरू झालं आणि विमान मायामीला परतलं. इंधनातलं पाणीही असंच सगळ्या इंजिनांना एकदम गाठतं. पावसाळ्यात प्रत्येक टाकीच्या तळातून नमुना काढून बघा, आणि दोन्ही इंजिनांचं तेच काम एकाच दिवशी, एकाच मेकॅनिककडून करून घेऊ नका.