कुंग फूचे चित्रपट कसे बघावेत: हात कुठे थांबतो ते पाहा

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसलेला जाणकार कुस्ती कोण जिंकलं यासाठी बघत नाही. पकड कुठे बसली, पाय कधी सुटला, वस्तादाने शिकवलेला डाव कुठे उपयोगी पडला, याकडे त्याचं लक्ष असतं. हाँगकाँग आणि तैवानमध्ये साठ-सत्तरच्या दशकात बहरलेले कुंग फूचे आणि तलवारबाजीचे चित्रपट याच नजरेने बघायचे असतात. त्यांचं तत्त्वज्ञान संवादांपेक्षा मारामारीत जास्त सापडतं. कोण आधी हात उचलतो आणि कोणाचा हात कुठे थांबतो, हे दिसायला लागलं की चित्रपट उलगडतो.

सुरुवात चार चित्रपटांनी करा, आठवड्याला एक, याच क्रमाने: 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८), 'द वे ऑफ द ड्रॅगन' (१९७२), 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) आणि शेवटी 'अ टच ऑफ झेन' (१९७१). क्रम सालाप्रमाणे नाही, सोप्याकडून अवघडाकडे आहे. एका रात्रीत दोन बघू नका. सगळ्या लढती एकमेकींत मिसळतात आणि दुसऱ्या दिवशी एकही नीट आठवत नाही.

बघायला बसण्याआधी

प्रिंट तपासा. त्या काळचे बरेचसे चित्रपट रुंद पडद्यासाठी काढलेले आहेत, रुंदी उंचीच्या साधारण २.३५ पट. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीत चाळीस टक्क्यांहून अधिक चित्र गायब असतं. दोन लढवय्ये चौकटीच्या दोन टोकांना उभे असतील, तर एकजण दिसतच नाही. आजच्या टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या, तर प्रत बहुधा पूर्ण आहे.

भाषा मूळ चिनी ठेवा आणि सबटायटल्स लावा. त्या काळी हाँगकाँगमध्ये आवाज नंतर भरत, त्यामुळे मूळ प्रतीतही ओठ आणि शब्द जुळत नाहीत. त्याने बिचकू नका. इंग्रजी डबिंगमध्ये नाती हरवतात, तो तोटा मोठा आहे. 'शीफू' या शब्दात गुरू आणि पिता दोन्ही आहेत. 'शीश्योंग' म्हणजे आपल्याआधी त्याच गुरूकडे दाखल झालेला, म्हणजे आपला वडील गुरुबंधू. मराठी माणसाला हे लगेच कळतं. डबिंगमध्ये त्याचं नुसतं 'ब्रदर' होतं आणि धाकटा त्याच्यावर हात उगारायला का कचरतो, हे कळेनासं होतं.

तीन शब्द जवळ ठेवा. 'कुंग फू' म्हणजे दीर्घ कष्टाने कमावलेलं कसब, मग ते आचाऱ्याचं असो वा सुलेखनकाराचं. 'जियांगहू', शब्दशः नद्या आणि सरोवरं, म्हणजे दरबाराच्या कायद्याबाहेरचं भटक्या वीरांचं जग. तिथे शब्द आणि उपकार हाच कायदा. 'वूदे' म्हणजे शस्त्र हाती असलेल्याने पाळायची नीती. त्याची खूण अभिवादनात दिसते: उजवी मूठ आणि तिच्यावर डावा उघडा तळवा.

एक लढत, तीन वेळा

पहिल्यांदा चित्रपट सलग बघा. लढतींवर उडी मारत गेलात, तर कोणी कोणाचं काय देणं लागतो हे कळत नाही आणि लढत नुसती कसरत वाटते. मग चार-पाच मिनिटांची एक लढत निवडा.

तिच्या पहिल्या फेरीत आवाज बंद करा आणि फक्त पाय बघा. गुडघे वाकवून, मांड्या जवळजवळ आडव्या ठेवून घेतलेला घोडेस्वाराचा पवित्रा म्हणजे जमिनीत रोवलेला माणूस. टाचा उचलून नाचणारे पाय म्हणजे अंतराशी खेळणारा माणूस. लढत कुठे फिरली हे बहुतेक वेळा पायांवरून आधी कळतं.

दुसऱ्या फेरीत दोन कटांमधले सेकंद मोजा. 'थर्टी-सिक्स्थ चेंबर'चा लाउ कार-ल्युंग स्वतः कुंग फू शिकलेला दिग्दर्शक. तो एकाच शॉटमध्ये वारांच्या दहा-बारा देवाणघेवाणी दाखवतो, कारण त्याला तंत्र दाखवायचं असतं. 'अ टच ऑफ झेन'चा दिग्दर्शक किंग हू उलट करतो. तो काही फ्रेम्सचे इतके बारीक तुकडे जोडतो की उडी आपल्या नजरेतून निसटते आणि योद्धा आपल्यापेक्षा वेगवान आहे हे डोळ्यांनाच पटतं. हालचाल जरा झरझर वाटली, तर शॉट सेकंदाला २४ ऐवजी २०-२२ फ्रेम्सने घेतलेला असू शकतो. २० ने घेतला, तर पडद्यावर वेग वीस टक्के वाढतो.

तिसऱ्या फेरीत आवाज लावा आणि ताल ऐका. क्षणभर स्तब्धता, मग वारांचा झपाटा, पुन्हा स्तब्धता. ही लय पेकिंग ऑपेरा या चिनी संगीतनाट्यातून आली, तिथे नट घंटेच्या ठोक्यावर पवित्रा घेऊन गोठतो. कोकणातला दशावतार बघितलेल्याला हे परकं वाटणार नाही, तिथलं युद्धही मृदंग-झांजेच्या ठेक्यावरच चालतं. म्हणून 'असं कोणी खरं लढतं का?' हा प्रश्न इथे चुकतो. हवेत उडणारी माणसंही याच परंपरेतली, साधनेने अंग हलकं झाल्याचं ते दृश्य रूप आहे.

काय शोधायचं

'थर्टी-सिक्स्थ चेंबर'चा सगळा मधला भाग प्रशिक्षणाचा आहे आणि तोच चित्रपटाचा गाभा. 'सान ते' हा नायक सूडासाठी शाओलिनच्या बौद्ध मठात येतो आणि उतावीळपणे प्रशिक्षणाच्या खोल्यांपैकी सर्वांत वरची मागतो. तिथे धर्मग्रंथांचं पठण चाललेलं असतं, त्याला काहीच उमगत नाही आणि तो बाहेर फेकला जातो. मग तळापासून सुरुवात: जेवायला जायचं तर पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून. पुढे दंडांना पाती बांधून, हात ताणून पाण्याच्या बादल्या वाहायच्या. हात खाली आला की पातं स्वतःच्याच कुशीत. प्रत्येक खोलीत त्याचं अंग आधी शिकतं आणि कारण मागून कळतं. 'छान' नावाच्या बौद्ध पंथाची ही शिकवण आहे. 'छान' हा शब्द आपल्या 'ध्यान'वरूनच तिकडे गेला आणि जपानात त्याचाच 'झेन' झाला. शेवटी सान ते छत्तिसावी, म्हणजे एक नवीच खोली मागतो, मठाबाहेरच्या सामान्य लोकांना शिकवण्यासाठी. सूडाची इच्छा तिथे रूप बदलते.

'वे ऑफ द ड्रॅगन'मधली रोमच्या कलोसियममधली लढत ब्रूस ली आणि चक नॉरिस यांची. आधी ली चक्क मार खातो. मग पदन्यास बदलतो, ठरीव घाट सोडतो आणि समोरच्याच्या लयीत शिरून ती मोडतो. पाण्यासारखं आकार बदलणं हा ताओ या चिनी तत्त्वपरंपरेचा विचार इथे पायांत उतरला आहे. प्रतिस्पर्ध्याचा हात-पाय निकामी झाल्यावर ली मान हलवून 'पुरे' म्हणतो. तो ऐकत नाही. त्याला मारल्यावर ली त्याचा गणवेश आणि पट्टा त्याच्या अंगावर घालतो. ते काही सेकंद पुन्हा पुन्हा बघण्यासारखे आहेत.

'क्राउचिंग टायगर'मध्ये मिशेल यो एकामागून एक शस्त्र उचलते आणि तरुण मुलीच्या भूमिकेतल्या झांग झियीच्या हातातली तलवार बहुतेकांचे तुकडे करते. तरी शेवटी मोडक्या तलवारीचं टोक मुलीच्या गळ्याशी येतं ते मिशेल योचं, आणि तिथे ती थांबते. मुलगी त्या क्षणी तिच्या दंडावर वार करते. श्रेष्ठ शस्त्र एकीकडे आणि वूदे दुसरीकडे, इतकं स्वच्छ हे क्वचितच कोणी दाखवलं असेल.

'अ टच ऑफ झेन' तीन तासांहून मोठा आहे आणि पहिली लढत सुमारे तासाभराने येते. घाई करू नका, मध्ये थांबून दोन बैठकींत बघितला तरी चालेल. बांबूच्या वनातल्या लढतीत प्रकाश कुठून पडतो ते बघा. शेवटी जखमी भिक्षूच्या अंगातून सोनेरी रक्त वाहतं. कथा वीरांची म्हणून सुरू झाली होती, ती तिथे बुद्धाकडे वळते. १९७५ साली कान महोत्सवात याच चित्रपटाला तंत्राचा मोठा पुरस्कार मिळाला.

जिथे बघणारे चुकतात

सगळ्याला 'पौर्वात्य तत्त्वज्ञान' म्हणून एका पोत्यात भरणं ही सगळ्यात मोठी चूक. गुरूच्या खुनाचा बदला घ्यायलाच हवा, हे चिनी विचारवंत कन्फ्यूशियसच्या नात्यांच्या धर्मातून येतं. सोडून दे, हे बुद्धाचं. वाट दे, वाक, हे ताओचं. चांगल्या चित्रपटात हे तिघे भांडतात आणि नायक त्यांच्या मधोमध अडकतो. प्रत्येक लढतीआधी चित्रपट थांबवून विचारा: आत्ता याला कोणता धर्म ओढतोय?

दुसरी चूक इतिहासाची. बौद्ध भिक्षू बोधिधर्म भारतातून गेला आणि त्याने शाओलिनमध्ये कुंग फू शिकवलं, ही कथा आपल्याला सुखावते, पण ती दंतकथा आहे. व्यायाम आणि युद्धकलेशी त्याचं नाव बरंच उशिरा, सतराव्या शतकाच्या सुमारास जोडलं गेलं. 'ध्यान' शब्दाचा प्रवास मात्र पक्का आहे.

चारही झाल्यावर पहिल्याकडे परत या आणि सान ते दोन आखूड तलवारी चालवणाऱ्या भिक्षूकडून हरतो त्या लढती काढा. तो मग तीन तुकड्यांची काठी घडवतो. काठीचा मधला तुकडा नेमकं काय काम करतो, ते या वेळी आवाज बंद करून बघा.