तक्रार देऊनही काम होत नाही? महापालिका आणि सार्वजनिक सेवांकडे दाद मागताना या चुका टाळा

तुंबलेले ड्रेनेज, बंद पडलेले पथदिवे, गढूळ पाणी किंवा रस्त्यातला खड्डा याबद्दल अर्ज करूनही काही घडले नाही, असे सांगणारे नागरिक महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहरात भेटतात, आणि त्याचा दोष बहुधा प्रशासनाच्या अनास्थेवर जातो. अनास्था असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अशा अर्जांचा प्रवास पाहिला तर त्यांतले पुष्कळसे अर्ज कोणत्याही एका अधिकाऱ्याच्या नावावर कधी चढतच नाहीत, असे दिसते. ते एका विभागातून दुसऱ्या विभागाकडे ‘वर्ग’ होतात, ‘उचित कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन वरून खाली येतात आणि ज्याच्यावर उत्तराची मुदत नाही अशा टेबलावर थांबतात. हे काम कोणाचे आणि त्याने उत्तर कधीपर्यंत द्यायचे, या दोन गोष्टी अर्जदारानेच पहिल्या दिवशी पक्क्या केल्या तर अर्जाची टोलवाटोलवी करायला फारशी जागा उरत नाही. पुढील बहुतेक चुका या दोन गोष्टी सैल सोडल्यामुळे होतात.

काम कोणाचे, हे न पाहता अर्ज देणे

शहरात राहणाऱ्या माणसाला सगळे रस्ते महापालिकेचेच वाटतात. प्रत्यक्षात एकाच शहरातून राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभागाचा रस्ता, महापालिकेचा रस्ता आणि छावणी परिषदेचा रस्ता जात असू शकतो. मुंबईतील पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) महापालिकेकडे आले. त्याआधी या रस्त्यांवरील खड्ड्यांचे अर्ज महापालिकेच्या विभाग कार्यालयात देणाऱ्यांना ‘हा रस्ता आमच्या ताब्यात नाही’ असे उत्तर मिळे, आणि ते उत्तर खोटेही नव्हते. पुण्यात २०२१ मध्ये महापालिका हद्दीत आलेल्या तेवीस गावांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे झाले, कारण कचरा, पाणी आणि ड्रेनेज महापालिकेकडे आले, तरी नियोजन प्राधिकरण, म्हणजे बांधकामांवर नियंत्रण ठेवणारी संस्था, म्हणून पीएमआरडीएच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) राहिले. साहजिकच अनधिकृत बांधकामाबद्दलचा अर्ज एका कार्यालयात आणि त्याच बांधकामातून रस्त्यावर येणाऱ्या सांडपाण्याबद्दलचा अर्ज दुसऱ्या कार्यालयात देण्याची वेळ तिथल्या रहिवाशांवर आली.

पथदिव्यांचेही तसेच आहे. बहुतेक शहरांत ते महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या विद्युत विभागाकडे असतात, पण घरातली वीज गेली तर तक्रार महावितरणकडे करायची असते. मुंबईत वीज वितरण करणाऱ्या कंपन्याही एकाहून अधिक आहेत, त्यामुळे आपल्या बिलावर कोणाचे नाव आहे ते आधी पाहावे. रात्री दहानंतर वाजणाऱ्या ध्वनिवर्धकाची तक्रार ११२ क्रमांकावर पोलिसांकडे करावी लागते. महापालिकेच्या नियंत्रण कक्षाला फोन करून त्या रात्री तरी काही साधत नाही.

याहून अवघड प्रकार मोठ्या गृहप्रकल्पांतील अंतर्गत रस्त्यांचा आहे. विकासकाने रस्ता रीतसर हस्तांतरित केलेला नसेल, तर महापालिका त्यावर खर्च करायला तयार होत नाही, आणि रहिवासी मात्र मालमत्ता कर भरतो म्हणून वर्षानुवर्षे डांबरीकरणाची मागणी करत राहतात. अशा ठिकाणी डांबराची मागणी बाजूला ठेवून, रस्ता महापालिकेच्या ताब्यात आला आहे का आणि आला नसेल तर हस्तांतरण कशामुळे अडले आहे, एवढेच लेखी विचारावे. त्या उत्तरावरून पुढचा अर्ज विकासकाच्या नावे जाणार की महापालिकेच्या, हे ठरते.

‘हे आमच्याकडे येत नाही’ असे तोंडी सांगितले गेले, तर वाद न घालता तेच वाक्य लेखी मागावे. पुष्कळदा लेखी देण्याची वेळ आली की विषय पुन्हा त्याच कार्यालयाचा होतो.

एकाच अर्जात सगळी गाऱ्हाणी

सोसायटीच्या सभेत ठरते की आता एक सणसणीत निवेदन द्यायचे, आणि मग त्यात पाणी, कचरा, भटकी कुत्री, पदपथावरील अतिक्रमण, बसथांबा आणि उद्यानातील तुटकी खेळणी असे सगळे येते. हे निवेदन वाचायला प्रभावी असले तरी कार्यालयाच्या दृष्टीने ते सहा विभागांचे मिळून एक कागद असते. ज्या विभागाकडे ते आधी जाते, तो आपल्यापुरते एक वाक्य लिहून ते पुढे पाठवतो, आणि बाकीच्या पाच विषयांची नोंद कुठेच राहत नाही. एका विषयाला एक अर्ज, हा नियम कंटाळवाणा वाटला तरी पाळावा.

मजकुराबद्दलही थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. ‘आमच्या भागात गेल्या कित्येक महिन्यांपासून ड्रेनेजची गंभीर समस्या असून नागरिकांच्या आरोग्याशी खेळ चालला आहे, तरी त्वरित लक्ष घालावे’ हे वाक्य वर्तमानपत्राला चालेल. कनिष्ठ अभियंत्याला त्यातून कुठे जायचे तेही कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘अमुक सोसायटीच्या प्रवेशद्वारासमोर, पथदिव्याच्या खांब क्रमांक अमुकजवळ असलेल्या ड्रेनेज चेंबरमधून रोज सकाळी सहा ते आठ या वेळेत मैलापाणी रस्त्यावर येते. यापूर्वी अमुक तारखेला तक्रार क्रमांक अमुक नोंदवली होती, त्यानंतर चेंबर साफ करण्यात आले, परंतु चार दिवसांत पाणी पुन्हा येऊ लागले. त्यामुळे केवळ सफाई न करता वाहिनीची तपासणी करून त्याचा अहवाल द्यावा.’ यात जागा, वेळ, आधीचा संदर्भ आणि नेमकी मागणी आहे, आणि सफाई करून तक्रार बंद करण्याची वाट आधीच अडवलेली आहे. सोबत तारीख दिसेल अशी दोन-तीन छायाचित्रे पुरतात. चाळीस छायाचित्रे कोणी उघडून पाहत नाही.

संबंधित अधिकारी पैसे खातो, असा आरोपही याच अर्जात घालण्याचा मोह अनेकांना होतो. तसे खरोखर घडत असेल, कोणी पैसे मागितले असतील, तर त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे आणि तो स्वतंत्र विषय आहे. चेंबरच्या अर्जात तो घातला की चेंबर मागे पडते आणि खुलासे-प्रतिखुलासे सुरू होतात.

पोच न घेणे

ही सर्वांत साधी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. ओळखीच्या अधिकाऱ्याच्या हातात कागद दिला, त्यांनी ‘बघतो’ म्हटले आणि चहाही पाजला, तरी आवक विभागाचा, म्हणजे आलेले कागद नोंदवून घेणाऱ्या टेबलाचा, शिक्का, तारीख आणि क्रमांक आपल्या प्रतीवर नसेल तर तो अर्ज कागदोपत्री अस्तित्वातच नसतो. पुढचे स्मरणपत्र, अपील किंवा माहिती अधिकारातील अर्ज या सगळ्यांना त्या आवक क्रमांकाचा आधार लागतो. टपालाने पाठवायचे असेल तर स्पीड पोस्टने पाठवावे. व्हॉट्सअॅपवरचा संदेश निकडीच्या वेळी उपयोगी पडतो, पण त्यानंतर त्याच मजकुराचा अर्ज आवक विभागात गेलाच पाहिजे.

सुरुवातच मंत्रालयापासून करणे

मुख्यमंत्री, पालकमंत्री, आयुक्त, जिल्हाधिकारी आणि शेजारच्या वर्तमानपत्राचे कार्यालय अशा सर्वांच्या नावे एकच पत्र पाठवले की काम लवकर होईल, ही समजूत फार रुजलेली आहे. वरच्या कार्यालयात आलेले पत्र तिथे सोडवले जात नाही. ते खाली पाठवले जाते, आणि शेवटी ज्या कनिष्ठ अभियंत्याकडे ते थेट देता आले असते त्याच्याचकडे काही आठवड्यांनी पोहोचते. तोवर तीन निरनिराळ्या जावक क्रमांकांची पत्रे एकाच विषयावर तयार झालेली असतात, आणि त्यांपैकी एकाला उत्तर दिले की बाकीची निकाली समजली जातात.

पत्र त्या विषयाच्या अधिकाऱ्याच्या नावे असावे आणि त्याच्या लगतच्या वरिष्ठाला फक्त प्रत द्यावी. पंधरा-वीस दिवसांत हालचाल दिसली नाही, तर पहिल्या अर्जाचा संदर्भ देऊन वरिष्ठाच्या नावे दुसरे पत्र द्यावे. महापालिकेत ही चढण साधारणपणे कनिष्ठ अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता आणि क्षेत्रीय कार्यालयाचे सहायक आयुक्त अशी असते. विजेच्या बाबतीत ही पायरी सोडणे विशेष नुकसानीचे ठरते. आधी कंपनीकडे तक्रार, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल असा क्रम ठरलेला आहे, आणि मधली पायरी गाळून लोकपालांकडे गेलेल्याला सहसा परत पाठवले जाते.

अॅपवर ‘निकाली’ दिसले म्हणून गप्प बसणे किंवा संतापणे

मोबाइल अॅपवर किंवा मुंबईत १९१६ क्रमांकावर नोंदवलेली तक्रार प्रत्यक्ष काम न होताच बंद झाल्याचे दिसले, तर बहुतेक लोक समाजमाध्यमांवर राग व्यक्त करतात आणि नवी तक्रार टाकतात. नवी तक्रार टाकल्यामुळे जुन्या तक्रारीचे दिवस पुसले जातात, आणि कार्यालयाच्या नोंदीत एक तक्रार वेळेत सुटली आणि दुसरी कालच आली, असे चित्र तयार होते. पुन्हा उघडण्याची सोय असेल तर जुनीच तक्रार उघडावी. नसेल तर नव्या तक्रारीच्या पहिल्याच ओळीत जुना क्रमांक, ती बंद केल्याची तारीख आणि त्या तारखेनंतरचे छायाचित्र द्यावे. अॅप हे खड्डा, कचरा, दिवा अशा सुट्या कामांसाठी बरे आहे. वारंवार उद्भवणाऱ्या दोषासाठी कागदी अर्जाला पर्याय नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सेवा हक्क, माहिती अधिकार आणि लोकशाही दिन यांची गल्लत

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ हा मुख्यतः अधिसूचित, म्हणजे शासनाने यादीत जाहीर केलेल्या, सेवांसाठी आहे: जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कराच्या नोंदीत नावाचा बदल, नळजोडणी, परवाने आणि त्यांसारख्या सेवा. त्यात प्रत्येक सेवेला मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला) असतो. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला तर ३० दिवसांत पहिले अपील, नंतर ३० दिवसांत दुसरे, आणि त्यानंतर ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. इथे नेहमीची चूक म्हणजे दाखल्यासाठी फेऱ्या मारत राहून अपिलाची मुदत घालवणे. आपली सेवा अधिसूचित यादीत आहे की नाही हे कार्यालयातील फलकावर किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर आधी पाहावे.

माहिती अधिकाराचा अर्ज ही तक्रार नसते. ‘रस्ता का दुरुस्त केला नाही’ असे विचारल्यास ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असे उत्तर येते, आणि कायद्याने ते टिकते. त्याऐवजी त्या रस्त्याच्या कामाचा कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा लेखी आदेश), केलेल्या कामाची मापे नोंदवलेल्या मोजमाप पुस्तिकेची प्रत, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि दोषदायित्व कालावधी किती आहे ती नोंद मागावी. हा कालावधी संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि हे कागद जोडून दिलेल्या पुढच्या अर्जाला ‘निधी उपलब्ध नाही’ असे उत्तर देता येत नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि सर्वसाधारणपणे १५० शब्द ही मर्यादा आहे. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

लोकशाही दिन, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी वरिष्ठ अधिकाऱ्यांनी समक्ष ऐकण्याचा दिवस, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अनेक संस्था तिथे शंभर सह्यांचे निवेदन घेऊन त्याच सकाळी जातात आणि विन्मुख परततात, कारण अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते. न्यायालयात असलेली प्रकरणे आणि अंतिम उत्तर दिलेले विषयही तिथे घेतले जात नाहीत. म्हणून सामूहिक प्रश्न मांडायचा असला तरी त्याचा प्रत्यक्ष त्रास होणाऱ्या एका रहिवाशाने स्वतःच्या नावे अर्ज देणे हाच मार्ग उरतो.

नवे काम मागण्याची वेळ चुकणे

दुरुस्ती वर्षभरात कधीही मागता येते, परंतु नवा पदपथ, नवी जलवाहिनी किंवा पावसाळी गटार यांसाठी अंदाजपत्रकात तरतूद लागते. आयुक्तांचे अंदाजपत्रक साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत मांडले जाते, म्हणजे विभागांचे प्रस्ताव त्याच्या काही महिने आधी तयार होतात. जूनमध्ये पाणी साचल्यावर केलेल्या मागणीला ‘पुढील अंदाजपत्रकात विचार करू’ हे उत्तर खरे असते, आणि ऑक्टोबरमध्ये कोणी आठवण न केल्यास तेच पुढच्या जूनमध्येही खरे राहते. पुणे महापालिकेने २००६ पासून सहभागी अंदाजपत्रकाच्या नावाने नागरिकांकडून कामे मागवण्यास सुरुवात केली. जिथे अशी सोय आहे तिथे तिचा अर्ज चुकवू नये.

नगरसेवकाचा खरा उपयोग याच ठिकाणी होतो. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक अशा मोठ्या महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकांचा कारभार चालला, त्या काळात नागरिकांना थेट अधिकाऱ्यांकडे जाण्याची सवय झाली, ती दैनंदिन कामांसाठी चांगलीच आहे. मात्र मुंबई वगळता इतर शहरांत बहुसदस्यीय प्रभाग असल्यामुळे एकाच वस्तीला सहसा चार नगरसेवक असतात, आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे भेटल्यास प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवू शकतो. चौघांची नावे असलेले एकच पत्र चौघांनाही द्यावे आणि प्रत्येकाची पोच घ्यावी.

ग्रामपंचायतीत तीच गोष्ट ग्रामसभेला लागू होते. ऐनवेळी उठून बोललेला विषय टाळ्या मिळवतो, पण इतिवृत्तात ठराव म्हणून आला नाही तर पंचायत समितीपर्यंत पोहोचत नाही. विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा, आणि सभेनंतर ठरावाची प्रत मागावी.

अधिकारी बदलल्यावर जुन्या आश्वासनावर विसंबणे

राज्य शासनाच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, आणि नगरपरिषदांचे मुख्याधिकारी किंवा महापालिकांमध्ये प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी त्या काळात पुष्कळदा जातात. आधीच्या साहेबांनी स्थळपाहणीत काय कबूल केले होते, हे नव्या अधिकाऱ्याला ठाऊक नसते आणि ते त्याला बांधीलही वाटत नाही. म्हणून स्थळपाहणी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘काल झालेल्या पाहणीत पुढीलप्रमाणे ठरले’ असे चार ओळींचे पत्र देऊन त्याची पोच घ्यावी, आणि जूनमध्ये नवा अधिकारी रुजू झाल्यावर पहिला अर्ज, सर्व स्मरणपत्रे आणि हे पत्र तारखेच्या क्रमाने लावून त्याच्या नावे पुन्हा सादर करावे.