सोव्हिएत अर्थव्यवस्था का बुडाली? उत्तर लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांची उत्तरं तपासायला बसलो की बहुतेक पानांवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं. 'साम्यवादात काम केलं काय नि नाही केलं काय, पगार सारखाच, म्हणून लोक आळशी झाले आणि सोव्हिएत युनियन बुडालं.' मार्क जातात ते इथेच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसला प्रकार आहे हा.

खरं तर तिथला फॅक्टरी मॅनेजर प्रचंड धावपळ करायचा. पण त्याचं गिऱ्हाईक दुकानात उभं राहणारा माणूस नव्हता, मॉस्कोतलं मंत्रालय होतं. गोसप्लान म्हणजे तिथलं नियोजन खातं, ते टार्गेट ठरवणार, आणि टार्गेट टनात दिलं की माल जड होणार, सरळ आहे. १९५९ मध्ये तेव्हाचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह स्वतः वैतागून बोलला होता की आपल्याकडे झुंबरं सुंदर बनत नाहीत, जड बनतात, कारण कारखान्याचा हिशोबच वजनावर होतो. 'क्रोकोदिल' नावाच्या सरकारी विनोदी मासिकात तर एक व्यंगचित्र आलेलं, अख्ख्या कारखान्याने मिळून एकच अवाढव्य खिळा बनवलाय आणि महिन्याचा प्लॅन पूर्ण! बरं, टार्गेटपेक्षा जास्त माल काढलात तर पुढच्या वर्षीचं टार्गेट त्या वाढीव आकड्यावरून सुरू. मग शहाणा मॅनेजर काय करेल? थोडंसंच जास्त दाखवेल आणि बाकीची क्षमता लपवून ठेवेल. याला आळस म्हणू नका, हे त्या नियमांमधलं शहाणपण आहे.

दुसरी चूक, 'भ्रष्टाचार' हा एक शब्द लिहून मोकळं होणं. ब्लात म्हणजे आपला वशिला, तो तिथे होताच. कारखान्यांचे तोल्काच नावाचे खास लोकही होते, शब्दाचा अर्थच ढकलणारा, त्यांचं काम म्हणजे गावोगाव फिरून ओळखीपाळखीने, भेटी देऊन अडलेला कच्चा माल मिळवणं. कागदावर बेकायदेशीर, पण हे लोक नसते तर प्लॅन जेवढा चालायचा तेवढाही चालला नसता, कारण वरून आलेल्या कोट्यात बोल्ट आले तर नट यायचे नाहीत. महिन्याचे पहिले वीस दिवस मालाची वाट बघायची आणि शेवटचे दहा दिवस रात्रंदिवस मशिनं पळवायची, आपल्याकडचा मार्चएंड आठवा, तो दर महिन्याला. त्या दहा दिवसांत बनलेला फ्रिज कसा असेल ते सांगायला नको. म्हणजे वशिला हे लक्षण झालं, दुखणं वेगळंच आहे.

ते दुखणं एकाच उदाहरणात बघायचं तर रशियातल्या रियाझान या भागाचं घ्या, परीक्षेतही हेच वापरा. १९५९ मध्ये तिथला पार्टी सेक्रेटरी लारिओनोव्ह याने जाहीर केलं की जिल्ह्यातलं, म्हणजे त्यांच्या ओब्लास्तमधलं, मांस एका वर्षात तिप्पट करून दाखवतो, साधारण ५० हजार टनांचं दीड लाख. ख्रुश्चेव्ह खूश. आता गाय काय फर्मानाने वाढत नाही, त्यामुळे दुभती जनावरं कापली, पैदाशीची कापली, शेतकऱ्यांच्या घरची जनावरं ओढून नेली, तरी पुरेना तेव्हा शेजारच्या भागांतून मांस विकत आणून आपल्या आकड्यात मिसळलं. वर्षाअखेर आकडा पूर्ण, लारिओनोव्हला समाजवादी श्रमवीर हा मोठा किताब. पुढच्या वर्षी पुरवठा सुमारे ३० हजार टनांवर आला, सुरुवातीपेक्षाही खाली, आणि १९६० च्या सप्टेंबरात लारिओनोव्हने आत्महत्या केली. वरच्याला आकडा हवा होता, खालच्याने आकडा दिला, आणि मधे खरं काय चाललंय हे कळायचा रस्ताच नव्हता. बाजारात भाव वाढला किंवा पडला की निदान काहीतरी कळतं, इथे भावसुद्धा मॉस्कोच ठरवत होतं.

भावावरून आठवलं, 'रांगा होत्या म्हणजे उत्पादन कमी होतं' हे सरसकट लिहू नका. सत्तरच्या दशकात सोव्हिएत युनियन अमेरिकेपेक्षा जास्त पोलाद बनवत होतं, ट्रॅक्टरही जास्त. (आणि तरी १९७२ मध्ये त्याच अमेरिकेकडून ढिगाने धान्य विकत घेत होतं, हे विसरू नका.) रांगांचा मोठा वाटा गोठवलेल्या भावांचा आहे. १९६२ मध्ये मांस-लोण्याचे भाव २५-३० टक्के वाढवले तर नोव्होचेर्कास्क शहरात कामगार रस्त्यावर आले, गोळीबारात वीसच्या वर माणसं मेली. त्या धसक्याने सरकारने पुढे जवळपास तीन दशकं त्या भावांना हात लावला नाही. पगार वाढत गेले, भाव तिथेच, मग काउंटरवर माल येईल त्या क्षणी संपणार. पाव इतका स्वस्त की लोक डुकरांना घालायचे, कारण चाऱ्यापेक्षा तो परवडायचा.

'तेव्हा आजच्यासारखे कम्प्युटर असते तर प्लॅनिंग जमलं असतं' हेही हल्ली वाचायला मिळतं. गणितात ते कच्चे नव्हते हो, त्यांच्या गणितज्ञ कांतोरोविचला १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल याच कामासाठी मिळालं, मूळ काम १९३९ चं, प्लायवूडच्या मशिनांवर कुठलं काम किती द्यायचं त्याचं. पण मशिनमध्ये लारिओनोव्हचे आकडे घातले तर बाहेर लारिओनोव्हच येणार.

आणि भारताचं उदाहरण जपून द्या. आपल्याकडे योजना आयोग होता, स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायला लागायचा, सगळं मान्य. पण आपली शेती खासगी, दुकानं खासगी. धनंजयराव गाडगीळांचं १९६९ चं सूत्र केंद्राची मदत राज्यांत कशी वाटायची याचं होतं, कुठल्या कारखान्याने किती खिळे करायचे याचं नाही. लायसन्स राज आणि सोव्हिएत व्यवस्था एकाच ओळीत कोंबू नका.

शेवटी गोर्बाचेव्ह, सोव्हिएत युनियनचा अखेरचा नेता. 'त्याने सुधारणा केल्या म्हणून बुडालं' आणि 'तेल स्वस्त झालं म्हणून बुडालं' ही दोन्ही अर्धी उत्तरं. १९७३ नंतरच्या तेलाच्या पैशाने दुखणं झाकलं, १९८६ मध्ये तेल पडलं तेव्हा ते उघडं पडलं, एवढाच तेलाचा रोल. सुधारणांचं म्हणाल तर १९८७ च्या कायद्याने कारखान्यांना पगार वाढवायची मोकळीक मिळाली पण भाव सरकारच्याच हातात राहिले. हातात नोटा आल्या आणि दुकानातलं उरलंसुरलं पण गेलं. १९८९ च्या जुलैमध्ये सायबेरियातले कोळसा खाणकामगार संपावर गेले तेव्हा त्यांच्या मागण्यांमध्ये एक मागणी होती, अंग धुवायला साबण द्या.