स्लीव्हनंतरचं खाणं: वाणातल्या वाट्या काढा बाहेर

वजनाचं ऑपरेशन करून घरी आलं की पहिला प्रश्न हाच, आता खायचं काय आणि किती. डिस्चार्जच्या वेळी हातात जो चार्ट देतात त्यात ब्रॉथ, प्युरी, मॅश्ड पोटॅटो असलं काहीबाही असतं आणि आपल्या घरात तर वरणभात-पोळीभाजी, म्हणून हे लिहितेय. माझं स्लीव्ह (जठर कापून लहान करतात ते ऑपरेशन) झालंय, दोन वर्षं होऊन गेली. बायपासवाल्यांचे (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून पुढच्या आतड्याला जोडतात ते वजनाचंच ऑपरेशन) नियम बरेचसे हेच पण काही बाबतीत कडक. तुमच्या सर्जननी किंवा डायटीशियननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं, मी काय डॉक्टर नाही.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात, उरते केळ्यासारखी एक नळी, तिच्यात सुरुवातीला जेमतेम 100-150 मिली मावतं. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे पहिले काही महिने कित्येकांना भूकच लागत नाही. ऐकायला भारी वाटतं, पण मग खायचं चक्क राहून जातं, मी मोबाईलला अलार्म लावून खायचे.

पहिले काही दिवस नुसतं पातळ. वरणाचं गाळलेलं पाणी, शहाळ्याचं पाणी, पातळ गाळलेलं ताक. कपानं प्यायचं नाही, खोकल्याच्या औषधाचं ते छोटं झाकण असतं ना, त्यानं घोट घोट. मग दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दूध आणि दुधातून प्रोटीन पावडर, तिसऱ्या-चौथ्यात मिक्सरमधून काढलेली मूगडाळ, दही, चक्का (साखर न घालता, श्रीखंड नव्हे!). त्यानंतर मऊ पदार्थ, म्हणजे अंडाभुर्जी, कुस्करलेलं पनीर, वाफवलेला मासा, दुधी. आणि पिठलं! मऊ, घशाखाली सरकणारं आणि बेसनाचं प्रोटीन, फक्त मिरचीचा ठेचा लांब ठेवा. साधं जेवण साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होतं, तेही एकेक पदार्थ करून, म्हणजे काय सोसत नाही ते कळतं.

आता पोळीचं सांगते. तिसरा महिना चालू होता, सगळं छान चाललेलं, सकाळच्या गडबडीत ताज्या पोळीचे दोन घास नीट न चावता गिळले. छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं झालं, तोंडात फेसाळ लाळ सुटली आणि अर्धा तास बेसिनपाशी उभी. मऊसूत पोळीचा, पावाचा आत गोळा होतो, बिस्किटासारखे कुरकुरीत पदार्थ त्यामानाने सहज जातात, पण सहज जातात हीच त्यांची भानगड, कारण शेव-चिवडा कितीही खाल्ला तरी पोट भरल्यासारखं वाटत नाही आणि वजन तिथूनच परत येतं. माझ्याकडे पोळी सगळ्यात शेवटी आली आणि अजूनही अर्धीच.

ताट वाढायची आपली पद्धतच उलटी करावी लागते. आपण आधी भात, वर पातळ वरण, मग जागा उरली तर उसळ. आता आधी प्रोटीन, मग भाजी, आणि उरलंच पोटात तर दोन चमचे भात. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन लागतं. एका अंड्यात सहा ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, घट्ट वरणाच्या वाटीत पाच-सहा, आता करा हिशोब. शाकाहारी असाल तर पावडरशिवाय पहिले महिने भागणं अवघडच, त्यात लाज कसली.

वाटीचं म्हणाल तर हळदीकुंकवाला वाणात आलेल्या त्या छोट्या स्टीलच्या वाट्या कपाटात पडून असतात बघा, त्याच काढल्या मी, आणि मुलीचा लहानपणीचा चमचा. मोठ्या ताटात दोन चमचे उसळ बघून रडू येतं, छोट्या वाटीत तीच भरलेली दिसते. घास शेंगदाण्याएवढा, पार पीठ होईपर्यंत चावायचा, जेवण वीस-तीस मिनिटं चाललं पाहिजे. उचकी लागली, नाक गळायला लागलं किंवा छातीखाली दाब आला की थांबायचं, "एवढा एक घास संपवते" म्हणालात की ओकारी ठरलेली.

पाणी जेवताना नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबायचं आणि मग दिवसभर घोट घोट करत दीड-दोन लिटर गाठायचं. मला सगळ्यात जड हेच गेलं, ताटाशेजारी तांब्या-भांडं ठेवायची सवय जन्माची. सोडा, कोल्ड्रिंक बंद. गोडाचा त्रास बायपासवाल्यांना जास्त, गुलाबजाम खाल्ला की थोड्या वेळात धडधड, घाम, जुलाब, त्याला डम्पिंग म्हणतात. आणि अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही, बायपासमध्ये तर अल्सर होऊ शकतो.

गोळ्या मात्र जन्मभर: मल्टीव्हिटामिन, बी12, डी, कॅल्शियम, लोह. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको, लोह अंगी लागत नाही. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस पुंजक्यानं गळतात, घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात, पण प्रोटीन आणि रक्ताच्या तपासण्या चुकवू नका.

सुरुवातीच्या दिवसांत ताप, पोटात जोरात दुखणं, नाडी जलद होणं असं काही झालं तर थेट हॉस्पिटल. कधीही पाणीसुद्धा पोटात ठरेना, उलट्या थांबेनात तरी तेच, "गॅस झाला असेल" म्हणून ओवा चावत बसू नका. सतत उलट्यांनी शरीरातलं बी1 संपतं आणि त्याचा परिणाम मज्जातंतूंवर होतो.

उपासाचं काय? साबुदाणा चिकट, बटाटा, रताळं, सगळा स्टार्चच. मी आता चतुर्थीला दही, दूध आणि पनीर खाते, सासूबाईंनी महिनाभर तोंड फिरवलं मग स्वतःच पनीर आणून ठेवायला लागल्या. लग्नकार्यात "अगं एवढंच?" म्हणत वाढणाऱ्या काकवा चुकत नाहीत. ऑपरेशनची गोष्ट सांगत बसू नका, ताटात मटकीची उसळ आणि थोडी कोशिंबीर घेऊन बसा, जिलबी वाढायला आले की ताटावर आडवा हात, आणि "पोट बिघडलंय हो" एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.