लकव्यानंतर हात-पाय सावरले, पण डोकं साथ देईना? घरच्यांनी काय करावं

अंगावरून वारं गेलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष हाता-पायांवर. गुठळीमुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा विचारशक्तीलाही धक्का बसतो, आणि तो ‘वय झालं, हट्टी झालेत’ म्हणून सोडून दिला जातो. कृपा करून सोडू नका.

आधी घरातच पारखा. जुन्या आठवणी विचारून फारसं कळत नाही, त्या बऱ्याचदा शाबूत असतात. अडतं ते कामाच्या क्रमात आणि लक्ष टिकवण्यात. बाबांना चहा करायला सांगा, शेजारी उभे राहा, पण मध्ये बोलू नका. पत्ती टाकली नि गॅस पेटवायचा राहिला? दूध उतू जाताना नुसतं बघत राहिले? मोंढ्यातली सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, हातात द्या. हमाली-तोलाई वजा जाता हाती काय पडलं, हा हिशोब पूर्वी तोंडी करणारा माणूस आता गोंधळतोय का? ताटही बघा. उजवीकडची भाजी संपली, डावीकडची भाकरी तशीच. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की नजर चांगली असूनही डावीकडचं ध्यानातच येत नाही. ताट फिरवून द्या. मग भाकरी खाल्ली तर डॉक्टरांना हे नक्की सांगा.

जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहा.

वही घेऊन लकव्यानंतर साधारण तीन महिन्यांनी तपासणीला जा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. 30 गुणांची स्मृती-चाचणी मराठीत घ्यायला सांगा. शिक्षण किती, ऐकू नीट येतं का, चष्मा आहे का, हे आधीच सांगा, नाहीतर गुण उगाच कमी पडतात. बी-12 जीवनसत्त्व आणि थायरॉइडच्या तपासणीबद्दल विचारा. उदासीबद्दलही; लकव्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला ती येते आणि तिच्यावर इलाज आहे.

बीपी, शुगर, रक्त पातळ करणारी गोळी, यातलं काहीही मनानं बंद करू नका. दुसरा झटका आला तर डोकं आणखी खचतं. गोंधळ अचानक वाढला, तोंड वाकडं झालं, तर थेट 108. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

घरात एका वेळी एकच काम सांगा, उत्तराला वेळ द्या. शेतात मात्र कडक राहा: डॉक्टर हो म्हणेपर्यंत फवारणीचं औषध मोजणं, मोटारीचा स्टार्टर आणि ट्रॅक्टर त्यांच्या हाती एकट्यानं देऊ नका.